पोथी पुजली, वाचली कोणी?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत माल विकला गेला की शेतकरी हिशोबपट्टी हातात घेतो आणि उभ्याउभ्या वाचून काढतो. वजन किती धरले, भाव काय लागला, हमाली किती कापली, तोलाई किती कापली, सगळे बघतो. शाळेत दोन-चार वर्षेच गेलेला म्हातारा असला तरी खिशातला चष्मा काढून आकडे तपासतो. शंका आली तर व्यापाऱ्याकडे परत जातो आणि समाधान झाल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करत नाही. पट्टी वाचू नका, नुसती कपाळाला लावा, आत काय आहे ते आम्ही सांगू, असे त्याला कोणी म्हटले तर तो त्या माणसाला चोर समजेल. आणि ते बरोबरच आहे.

धर्माच्या बाबतीत मात्र हाच जागा माणूस डोळे मिटून घेतो. लग्न असो, दहावा असो, वास्तुशांत असो, समोरचा काय म्हणतो आहे हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. पोथी लाल कापडात बांधलेली असते. तिला हळदकुंकू वाहिले जाते, पण कापड सोडून आत काय लिहिले आहे ते कोणी पाहत नाही. दोन एकर कांद्याच्या पट्टीपुरती जेवढी चौकसबुद्धी आपण वापरतो तेवढीही आपण ज्याला परमपवित्र म्हणतो त्याच्यासाठी वापरत नाही. याला लोक श्रद्धा म्हणतात. मी त्याला हयगय म्हणतो, आणि या हयगयीची किंमत आपण स्वतः देत नसून आपल्या घरातल्या दुबळ्यांकडून वसूल करतो, म्हणून तिला पाप म्हणतो.

संस्कृत आम्हाला शिकूच दिले नाही, मग वाचणार कसे, असे उत्तर लगेच येईल. त्या उत्तरात मोठे सत्य आहे आणि त्याकडे मी येतोच. पण आधी ज्या ग्रंथाला ही सबब लागू पडत नाही त्याचे बोलू. निफाड तालुक्यात असे गाव नसेल जिथे अखंड हरिनाम सप्ताह होत नाही. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण असते. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवस. वाचणारे शंभर-दोनशे एका सुरात बसतात, गती सांभाळतात, आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन पोथ्या पुन्हा कापडात जातात. हा ग्रंथ कोणा परक्या भाषेत नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला सांगितलेली ती आपलीच मराठी आहे, फक्त सातशे वर्षांपूर्वीची. तिचे शब्द, तिची क्रियापदे, तिचे प्रत्यय समजून घ्यायला कोणत्याही जातीने कोणाला कधी अडवलेले नाही. थोडे श्रम हवेत, एक शब्दकोश हवा, आणि रोज पाच ओव्यांवर थांबण्याची तयारी हवी. त्या भाषेचा एक तास अभ्यास ठेवला आहे असा सप्ताह मला कोणी दाखवावा. मंडपावर खर्च होतो, ध्वनिक्षेपकावर होतो, पंगतीवर होतो, नावाजलेल्या कीर्तनकारांच्या बिदागीवर होतो. अर्थावर छदाम होत नाही.

एकनाथांनी असे केले नव्हते. ज्ञानदेवांनंतर तीनशे वर्षे उलटेपर्यंत नकलून नकलून ज्ञानेश्वरीचा पाठ बिघडला होता. नाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत तयार केली. ग्रंथावर प्रेम असणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत मला माहीत नाही. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पोथी हाती लागल्यावर ती 1909 साली छापली आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. नाथांच्या नावाने आपण पालख्या काढतो, षष्ठी साजरी करतो. त्यांनी जे काम केले ते मात्र आपण आपले मानत नाही.

आता त्या मोठ्या सत्याकडे येतो. मूळ ग्रंथांची भाषा बहुसंख्य समाजापासून मुद्दाम दूर ठेवली गेली आणि हा अपराध पिढ्यान्‌पिढ्या झाला. भीमराव आंबेडकरांना मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत घेता आले नाही. थोरल्या भावाला संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला होता, म्हणून दोघांनाही फारसीकडे वळावे लागले. बाईच्या जातीलाही, मग ती ब्राह्मणाच्या घरची का असेना, हेच दार बंद होते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले तेव्हा समाजाने त्यांना जाब विचारला. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून, स्त्रीला संस्कृत शिकवण्याला शास्त्राची मनाई नाही, हे त्यांना सिद्ध करावे लागले. ज्यांनी हे दार बंद ठेवले त्यांना धर्माचे रक्षक म्हणणे थांबवले पाहिजे. त्यांनी ग्रंथ राखला खरा, पण आपल्या हाताखालच्या माणसांना त्या ग्रंथात आपल्याबद्दल काय लिहिले आहे हे कळू नये म्हणूनही राखला.

पण आज ते कुलूप तुटले आहे. तुटून बरीच वर्षे झाली. मग आत कोण गेले?

आपल्या नाशिक जिल्ह्याकडेच पाहा. पिंपळगावावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता नाशिक ओलांडतो आणि डाव्या हाताला त्रिरश्मी डोंगरातली लेणी दिसू लागतात. त्यांच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. भाषा बहुतेक प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री ही राजमाता आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण सांगते. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो की गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने 2000 कार्षापण ठेव ठेवली आहे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यावीत. गोवर्धन आजही गंगापूर रस्त्याला आहे. हा उषवदात शक, म्हणजे बाहेरून आलेला. तो ब्राह्मणांना गावे दान देतो आणि बौद्ध संघाला लेणे देतो, दोन्ही एकाच लेखात अभिमानाने सांगतो. सतराव्या लेण्याचा दाता तर यवन आहे. धर्म, वंश आणि देश यांच्या शुद्धतेच्या नावाने आज जे गळे काढतात त्यांनी आपल्याच डोंगरावर कोरलेला हा पुरावा वाचलेला नाही. ही लेणी पांडवांची असे या लेखांत कुठेही म्हटलेले नाही. तरी आपण त्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतो, कारण मधल्या शतकांत ती अक्षरे वाचणारा एकही माणूस आपल्यात उरला नव्हता. भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी ती पुन्हा वाचली. आपण तिथे सहलीला जातो, फोटो काढतो आणि पांडवांची गोष्ट सांगत उतरतो.

त्याच रस्त्याने पुढे इगतपुरीला गेले की विपश्यना विशोधन विन्यास आहे. संपूर्ण पाली तिपिटक, अट्ठकथांसह, 140 खंडांत देवनागरी लिपीत तिथून छापले गेले. बुद्धवचनाचा इतका मोठा मूळ संग्रह आपल्या ओळखीच्या अक्षरांत, आपल्या जिल्ह्यात आहे. मौजे सुकेण्याला महानुभावांचे दत्तमंदिर आहे. या पंथाचे धर्मग्रंथ मुळातच मराठीत आहेत, आणि लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तेराव्या शतकातला. प्राकृत, पाली, जुनी मराठी आणि त्र्यंबकेश्वरचे संस्कृत, इतके सगळे एका जिल्ह्यात असताना आपण कोरडे कसे राहिलो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने द्यायला हवे.

न वाचण्याने काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. काय बिघडते ते सांगतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, अठराव्या सूक्तात, सातवी ऋचा आहे. सतीच्या चालीला वेदाचा आधार म्हणून ती दाखवली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर होरेस हेमन विल्सन यांनी मूळ पाठ पुढे ठेवून दाखवले की ऋचेत 'अग्रे' असा शब्द आहे, म्हणजे आधी, पुढे. आधार देणाऱ्यांनी तो 'अग्नेः', अग्नीचे, असा वाचला होता. ऋचेतल्या बायका तर विधवाही नाहीत, नवरे हयात असलेल्या सुवासिनी आहेत. आणि लगेच पुढची ऋचा नवऱ्याच्या प्रेताजवळ बसलेल्या स्त्रीला ऊठ, जिवंतांच्या जगात परत ये, असे सांगते. सतीबंदीचा कायदा 4 डिसेंबर 1829 चा आहे. तो होईपर्यंत जितक्या बायका जाळल्या गेल्या त्या सगळ्या एका अक्षरापायी जळल्या असे मी म्हणत नाही. मालमत्तेचा लोभ होता, विधवेचे ओझे नको होते, रूढीचा दरारा होता. पण चितेभोवती उभ्या असलेल्या गर्दीतल्या कोणाला पुढची ऋचा येत असती, तर वेदाचे नाव घेऊन काडी लावणे इतके सोपे गेले नसते.

ते जुने झाले म्हणाल, तर आजचे पाहा. द्राक्षबागेच्या जमिनीची वाटणी निघते तेव्हा बहिणींना तहसीलला बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. सही देणारी बहीण चांगली, हिस्सा मागणारी वाईट. मुलगी परक्याचे धन, आपल्यात तसा धर्म नाही, असे बजावून सांगणारे काका-मामा हजर असतातच. कोणत्या धर्मात नाही? याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, आणि पुढे आपल्या मुलखातले वारशाचे वाद शतकानुशतके तिच्याच आधाराने सुटत आले. तोच विज्ञानेश्वर वारशाने मिळालेली मालमत्तासुद्धा स्त्रीधनात धरतो. भाऊ वाटणी करतील तेव्हा अविवाहित बहिणीला हिश्श्याचा चौथा भाग द्यावा हे तिथे आहे. नवऱ्याने हयातीत वाटणी केली तर बायकोला मुलांच्या बरोबरीचा हिस्सा, हेही आहे. आजच्या न्यायाला हे पुरेसे नाही, आणि म्हणून 2005 चा कायदा मुलीला मुलाइतकाच हक्क देतो. पण आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या टीकाकाराने बहिणीला जेवढे दिले तेवढेही आपण देत नाही, आणि वर त्याच्याच धर्माचे नाव सांगतो. साडीचोळी देऊन भावाचे कर्तव्य संपते असे कुठल्या ग्रंथात लिहिले आहे ते दाखवा.

हे हिंदूंपुरतेच नाही. कुराणातल्या निसा या सुरेत मुलीचा वाटा आकड्यात सांगितलेला आहे, मुलाच्या निम्मा. लहानपणी अरबी कुराण तोंडपाठ करणाऱ्या किती भावांनी तो वाटा बहिणीला मोजून दिला, हे त्या बहिणींनाच विचारावे. पाठांतर आहे, अर्थ नाही. आणि जिथे अर्थ कळतो तिथे तो सोयीने विसरला जातो.

भीतीचा बाजार तर आपल्या डोळ्यांसमोर चालतो. मुलाचे लग्न जमत नाही, बागेवर गारपीट झाली, कर्ज फिटत नाही, की कोणीतरी पत्रिका पाहून कालसर्पयोग सांगतो आणि शांतीचा खर्च सांगतो. फलज्योतिषाचा आधारग्रंथ मानला जातो तो सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचा बृहज्जातक. त्यात या योगाचे नावसुद्धा नाही. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी निदान आपल्या शास्त्राचा मूळ ग्रंथ उघडून पाहावा. व्याजाने पैसे काढून शांती करणाऱ्या शेतकऱ्याची फसवणूक करणारा जितका दोषी आहे, तितकाच दोष त्याच घरातल्या पदवीधर मुलाचा आहे. त्याच्या हातात मोबाइल आहे, तो एका तासात मूळ ग्रंथ शोधू शकतो, आणि शोधत नाही.

त्याच मोबाइलवर मात्र तो श्लोक पुढे ढकलत असतो. अहिंसेला परमधर्म म्हणणारे वचन महाभारतात अनेकदा येते, अनुशासनपर्वात तर ठळकपणे येते. त्याला कोणीतरी एक शेपूट जोडले आहे: धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच. व्हॉट्सॲपवर ते महाभारताचे म्हणून फिरते, तरुण पोरे ते छातीवर लिहून मिरवतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 पासून 1966 पर्यंत खपून, बाराशेवर हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. त्या आवृत्तीत हे शेपूट नाही. जगातल्या कोणत्याही भाषेला ललामभूत ठरावे असे ते काम मराठी मातीत झाले आणि मराठी समाजाने त्याची परतफेड कशी केली? 5 जानेवारी 2004 ला जमाव त्या संस्थेत शिरला आणि ग्रंथ, हस्तलिखिते फाडून फेकली. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचा राग त्यांनी ज्या पानांवर काढला त्या पानांवर काय आहे हे त्या जमावाला ठाऊक नव्हते. ज्यांनी ते रोखायला हवे होते त्यांनाही ठाऊक नव्हते.

वाचणाऱ्यांनी काय केले तेही सांगतो, कारण उदाहरणे दूरची नाहीत.

अनंतशास्त्र्यांची मुलगी रमा, म्हणजेच पंडिता रमाबाई. आईकडून संस्कृत शिकली, 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता म्हटले. तिथे केशवचंद्र सेन यांनी तिच्या हातात वेदाची प्रत दिली आणि वाच म्हटले. तोवर बाईने वेद वाचू नये हेच ती मानत होती. मग तिने धर्मशास्त्रे मुळातून वाचली आणि तिला दिसले की एरवी एकमेकांशी भांडणारी ही शास्त्रे स्त्रीला कमी लेखण्यात मात्र एकमताची आहेत. भाषांतर वाचून हे कळले असते का? कदाचित. पण मग कोणीही तिला तुला समजले नाही म्हणून गप्प केले असते. मूळ भाषा येत होती म्हणून ती गप्प बसली नाही. पुढे ती ख्रिस्ती झाली, आणि तिथेही दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबली नाही. केडगावच्या मुक्ती सदनात तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. साध्या बाईला समजेल असे मराठी हवे, हा तिचा आग्रह. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुली मुक्तीतल्याच. 5 एप्रिल 1922 ला ती गेली तेव्हा काम पुरे झाले होते. 1924 मध्ये ग्रंथ बाहेर आला. वैदिक संस्कृत, हिब्रू आणि ग्रीक, तिन्ही परंपरांच्या मुळाशी गेलेली दुसरी मराठी व्यक्ती मला सांगता येत नाही. धर्म बदलला एवढ्यासाठी तिला महाराष्ट्राने वाळीत टाकले. हा कृतघ्नपणा आहे.

गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी बालबोधमेवा या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि ते मुळातून कळले पाहिजे या ध्यासाने 1899 साली घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. त्या बाईने काय सोसले हेही या विद्येच्या खात्यावर लिहिले पाहिजे. परत आल्यावर त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवून अभ्यासकांची एक पिढी उभी केली. त्यांच्या वाचनाचे फळ पाहा. सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून मध्यरात्री गुपचूप पळाला, ही कथा सर्वांना पाठ आहे. कोसंबींनी दाखवले की मूळ सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात, आईवडील रडत असताना आपण घर सोडले. मग ते गुपचूप कसे? शाक्य आणि कोलिय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झगडा, हाती शस्त्र घेणाऱ्यांना पाहून आलेली विरक्ती, इकडे त्यांनी लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 च्या ग्रंथात गृहत्यागाचे कारण पाण्याचे हे भांडणच आहे. पाण्यावरून भावाभावांत कोर्टकज्जे चालणाऱ्या आपल्या तालुक्याला या बुद्धाची ओळख नको काय?

बाबासाहेबांनी तर दार बंद असताना भिंत फोडली. संस्कृत नाकारले गेले म्हणून त्यांनी भाषांतरांवरून पंधरा वर्षे ग्रंथ घासले, आपल्या प्रयत्नाने संस्कृत मिळवले, आणि पालीचा कोश व व्याकरण यांवर इतके काम केले की महाराष्ट्र शासनाने त्याचा एक स्वतंत्र खंड छापला. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा ज्यांच्या नेतृत्वाखाली जाळली त्यांना ती माहीत होती. तिच्या बाजूने रडणाऱ्या हजारोंनी ती कधी उघडलेली नव्हती. मूळ वाचले म्हणजे ग्रंथ गोडच वाटेल असे नाही. पुष्कळदा भयंकर वाटेल. मग तो टाकण्याचे बळही त्याच वाचनातून येते.

पिंपळनेरला, खानदेशात जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकून तर्कतीर्थ झाले. अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही हे सनातनी पंडितांना त्यांच्याच भाषेत सुनावण्यासाठी गांधीजींना असा माणूस हवा होता. 1933 मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा आंतरजातीय विवाह पुण्याच्या पर्णकुटीत लागला तेव्हा पौरोहित्य तर्कतीर्थांनी केले. शास्त्र मोडते असे ओरडणाऱ्यांची तोंडे बंद झाली, कारण शास्त्र त्यांच्यापेक्षा या माणसाला जास्त येत होते.

आणि मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, बडोद्याचे सयाजीराव महाराज. आंबेडकरांना परदेशी शिक्षणाला शिष्यवृत्ती त्यांची, कोसंबींना दरमहा 50 रुपये त्यांचे. 1915 साली त्यांनी बडोद्यात पुरोहितांसाठी कायदा केला: परीक्षा द्या, परवाना घ्या, आणि यजमानाला विधीचा अर्थ त्याच्या भाषेत सांगा. शंभर वर्षे उलटून गेली. आजही पिंपळगावातल्या लग्नात नवरानवरी सप्तपदीची पावले टाकतात, आणि आपण कोणती सात वचने दिली हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही. जी वचने कळली नाहीत ती पाळणार कशी?

निव्वळ वाचन पुरत नाही, हे सांगायलाही आपल्याला दूर जावे लागत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, 18 जानेवारी 1842 चा. विधवाविवाहाला वेद-स्मृतींचा आधार आहे हे दाखवणारी वचने त्यांनी गोळा करून मांडली. 1870 साली पुण्यात शंकराचार्यांसमोर या प्रश्नावर मोठा वाद झाला आणि सुधारकांविरुद्ध निकाल गेला. 1873 मध्ये पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे 31 वर्षांच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पुढे त्यांनी त्या मुलीला शिकवले आणि रमाबाई रानडे स्वतःच्या कर्तृत्वाने मोठ्या झाल्या, हे खरे. पण वचने माहीत असणे आणि वचनांप्रमाणे वागणे यांत जे अंतर आहे ते एवढ्या थोर माणसालाही ऐन वेळी ओलांडता आले नाही. म्हणून शिकणाऱ्याने धैर्यही शिकले पाहिजे.

आज आपण शाळेत काय करतो? आठवीत संस्कृत घेतो, कारण त्यात गुण पडतात. शंभर गुणांचे पूर्ण किंवा पन्नासांचे संयुक्त, गाईडातून पाठ करायचे, टक्केवारी वर न्यायची, आणि अकरावीत भाषा सोडून जास्त गुण देणारा दुसरा विषय धरायचा. पालक खूश, शिकवणीवाले खूश. दहावीत नव्वदच्या वर गुण घेतलेल्या मुलाला गीतेचा एक श्लोक पुढे ठेवून अर्थ विचारा. ज्या भाषेसाठी एका पिढीने अपमान सोसले, ती भाषा दुसऱ्या पिढीने टक्केवारीची शिडी केली. दुसऱ्या बाजूला संस्कृत म्हणजे ब्राह्मणांची, आम्हाला काय करायची, असे म्हणून बहुजन घरांतली हुशार मुले तिच्याकडे पाठ फिरवतात. ज्यांनी दार बंद ठेवले होते त्यांची इच्छाच ही मुले पुरी करत आहेत. मराठा विद्या प्रसारक समाज 1914 साली या जिल्ह्यात उभा राहिला तो शेतकऱ्याच्या मुलाने मागे राहू नये म्हणून. त्या वारशाने शिकलेल्या मुलांनी ज्ञानाचे हे एकच दालन दुसऱ्यांना का सोडून द्यावे?

विहारांतही हेच आहे. त्रिसरण-पंचशील पालीत म्हटले जाते, शुद्ध म्हटले जाते, पण धम्मपदाचा एक वग्ग तरी मुळातून लावून घेणारे तरुण किती? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीबरोबर पाली आणि प्राकृत यांनाही केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले. वर्ग किती निघाले?

तेव्हा पिंपळगावच्या आणि पंचक्रोशीच्या लोकांना माझे सांगणे आहे. येत्या सप्ताहाच्या वर्गणीतून एका दिवसाच्या पंगतीचा खर्च बाजूला काढा आणि जुनी मराठी जाणणारा अभ्यासक बोलावून रोज तासभर पाच ओव्यांचा शब्दशः अर्थ लावून घ्या. त्या तासाला बायका पुढे बसू द्या आणि प्रश्न विचारू द्या. लग्नाची तारीख धरताना पुरोहिताला आधी विचारा, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगाल का. सांगणार नसेल तर दुसरा पाहा, पुरोहित स्त्रिया आता महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी, धर्मात बसत नाही असे म्हणणाऱ्याला ग्रंथाचे नाव आणि पान विचारा. आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुख्याध्यापकांकडे पालकांनी मिळून अर्ज द्या: संस्कृत, पाली आणि अर्धमागधी, तिन्ही विषय राज्य मंडळाच्या यादीत आहेत, यांतला निदान एक आमच्या मुलामुलींना वाचता येईल इतका शिकवा. अर्जावर सर्व जातींच्या पालकांच्या सह्या असू द्या.